मॅट लिप ग्लॉस नवा घेतलाय? एक अख्खा दिवस देऊन तो असा तपासा

मॅट लिप ग्लॉस लावल्या लावल्या आरशात जे ओठ दिसतात, त्यावरून काहीच ठरवू नका. त्या क्षणी तो ओला असतो, एकसारखा पसरलेला असतो, आणि जवळपास कुठलीही ट्यूब तेव्हा छानच दिसते. त्याचे खरे गुण चार तासांनी कळायला लागतात आणि निकाल लागतो दुसऱ्या दिवशी सकाळी, रंग काढून रात्र उलटल्यावर ओठ कसे आहेत ते बघून. आजवर मी ज्या ट्यूब अर्ध्यावर टाकून दिल्या, त्या सगळ्या पहिल्या पाच मिनिटांत मला मनापासून आवडल्या होत्या. म्हणून आता नवी ट्यूब आली की मी तिला एक पूर्ण दिवस देते. शक्यतो सुट्टीचा. लग्नाच्या किंवा मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा ट्यूब उघडू नका, एवढं एक पथ्य पाळलंत तरी निम्मा मनस्ताप वाचेल.

ट्यूबमध्ये नेमकं काय आहे?

ग्लॉस म्हणजे चकाकी आणि मॅट म्हणजे चकाकी नसलेलं, त्यामुळे हे नावच गोंधळात टाकतं. ट्यूब आणि आतला वाँड, म्हणजे रंग लावायची काडी, ग्लॉससारखा असतो म्हणून त्याला ग्लॉस म्हणतात, बाकी साम्य फारसं नाही. साध्या ग्लॉसचा थर गुळगुळीत आणि ओलसर राहतो, त्यावरून प्रकाश आरशासारखा परत फिरतो. मॅटमध्ये रंगाचे कण, सिलिका, कधी केओलिन माती यांचं प्रमाण जास्त असतं. वरचा पृष्ठभाग बारीक खडबडीत होतो, प्रकाश चारी दिशांना विखुरतो आणि चमक मरते.

या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात, आणि बहुतेक निराशा या एका गोष्टीपायी होते. पहिली वस्तू म्हणजे मूससारखी मऊ मॅट. ती कधीच पूर्ण सुकत नाही, बोट फिरवलं की बोटाला येते, कपाला लागते, पण ओठांना हलकी वाटते. दुसरी वस्तू ओठांवर 'लॉक' होते. तिच्यात आयसोडोडेकेनसारखं पटकन उडून जाणारं द्रावण असतं. ते उडालं की मागे सिलिकॉनच्या राळेचा आणि रंगाचा पातळ पापुद्रा उरतो. दिवसभर टिकण्याचा दावा असतो तो साधारण हिचाच.

तुमच्या हातात यातली कुठली आहे हे कळायला सोपी युक्ती आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला एक पातळ रेघ ओढा आणि ३ मिनिटं हात लावू नका. मग बोटाने घासा. रंग पसरला तर मऊ मॅट. बोट कोरडं राहिलं आणि रेघ जागच्या जागी बसली तर लॉक होणारी. आता मूठ वळवून मनगट दोन-चारदा वाकवा. रेघेला बारीक तडे गेले किंवा तिचे कण सुटून पडले, तर ओठांवर याहून वाईट होणार, कारण बोलताना ओठ मनगटापेक्षा कितीतरी जास्त ताणले जातात.

खोक्यावरची घटकांची यादीही एकदा वाचा. ती साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. आयसोडोडेकेन आणि ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेट ही लांबलचक नावं सुरुवातीलाच दिसली की समजा, घट्ट बसणारा प्रकार आहे, काढताना तेल लागेल. कार्माइन किंवा सीआय ७५४७० असं लिहिलेलं असेल तर तो लाल रंग कोचिनियल नावाच्या किड्यांपासून काढलेला असतो. शाकाहारी असणाऱ्यांना हे माहीत असलेलं बरं. पुदिना, मेंथॉल, दालचिनी अशी नावं असली तर ओठांना झिणझिण्या येतील. ओठ भरीव दिसावेत म्हणून ते घातलेलं असतं, पण ज्यांचे ओठ आधीच सारखे फुटतात त्यांनी असा ग्लॉस घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानातला टेस्टर

टेस्टरचा वाँड थेट ओठांना कधीही लावू नका. तो तुमच्याआधी किती जणींच्या ओठांना लागून परत ट्यूबमध्ये गेला असेल सांगता येत नाही, आणि ओठांवर फोड आणणारा हर्पीसचा विषाणू अशा वाटेने पसरू शकतो. मागितली तर बऱ्याच ठिकाणी वापरून टाकायची काडी देतात. रंग बघायचा असेल तर बोटाच्या पेरावर लावा. पेराचा गुलाबीपणा हाताच्या पाठीपेक्षा ओठांच्या जवळचा असतो. मग दुकानातल्या दिव्याखाली न थांबता दाराशी किंवा खिडकीशी जाऊन बघा.

ग्लॉस सुकेपर्यंत थांबणंही तितकंच महत्त्वाचं. बहुतेक मॅट शेड सुकल्यावर थोड्या गडद होतात. ओला असताना तुम्हाला गुलाबी वाटलेला रंग सुकल्यावर विटकरीकडे झुकू शकतो.

त्वचेची परवानगी

हा टप्पा बहुतेक जणी गाळतात. मीही गाळायचे, आणि एकदा ओठांच्या कडेने खाज आणि बारीक खपल्या आठवडाभर सहन केल्यावर थांबले. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा ग्लॉस लावा, ७ ते १० दिवस. एवढे दिवस कशाला, असं वाटेल. पण अ‍ॅलर्जी लगेच दिसतेच असं नाही, पुष्कळदा ती दोन-तीन दिवसांनी किंवा पुन्हापुन्हा लावल्यावर उमटते. सुगंध, कार्माइन, लॅनोलिन, अगदी एरंडेल तेलसुद्धा काहींना सोसत नाही. लाली, खाज, पुरळ यातलं काही आलं तर ती जागा धुऊन टाका आणि ट्यूब बाजूला ठेवा. एवढा धीर नसेल तर निदान ४८ तास तरी थांबा.

ओठांना चीर पडलेली असेल, फोड आलेला असेल किंवा कोपरे चिरले असतील तर चाचणी पुढे ढकला. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ जवळजवळ हमखास कोरडे पडतात. त्या काळात लॉक होणारा मॅट नकोच.

ओठांची तयारी

ओठांची त्वचा चेहऱ्याच्या मानाने फार पातळ असते, तिला घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेलाच्या ग्रंथीही जवळपास नसतातच. त्यामुळे ओठांतला ओलावा भराभर उडतो. त्यात मॅट ग्लॉस काहीच लपवत नाही. चमकणाऱ्या ग्लॉसखाली एखादा पोपडा खपून जातो, मॅटखाली तोच पोपडा ठळक होऊन वर येतो.

आदल्या रात्री साधा, वास नसलेला जाडसर बाम लावून झोपा. सकाळी कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं मऊ फडकं मिनिटभर ओठांवर धरा आणि हलक्या हाताने गोल फिरवा. जे सुटायचं ते सुटेल. जे सुटत नाही ते ओढू नका, दातांनी तर नाहीच. साखरेचा स्क्रब पुष्कळ जणी सुचवतात. मला तो या कामासाठी खरखरीत वाटतो, कारण ताज्या घासलेल्या ओठांवर मॅट चरचरतो.

मग बामचा पातळ थर, आणि १० मिनिटं दुसरं काहीतरी काम. बाकीचा मेकअप करायचा असेल तर तो याच वेळात उरका. त्यानंतर टिश्यू ओठांवर दाबून बाम पूर्ण टिपून घ्या. बामचा तवंग राहिला तर लॉक होणारा थर नीट बसत नाही, घसरतो आणि तासाभरात मधून उडतो. मऊ मॅटसाठी मात्र बामचा अंश राहिला तरी चालतो.

लावताना

आता सावकाश. वाँड बाहेर काढला की ट्यूबच्या तोंडावर दोन्ही बाजूंनी निरपून घ्या. टोकाला लोंबणारा थेंब हा मॅटचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. चुका बहुतेक जास्त माल घेतल्याने होतात, कमी घेतल्याने नाही.

लायनर, म्हणजे ओठांची कड आखायची पेन्सिल, लावायचा असेल तर आधी लावा, ग्लॉसच्या रंगाचाच किंवा ओठांच्या नैसर्गिक रंगाचा. तो कडेला बांध घालतो. शिवाय मॅटमुळे ओठ थोडे बारीक दिसतात, कारण चमकेमुळे येणारी उभारी जाते. पातळ ओठांच्या मैत्रिणींनी लायनर कडेच्या अगदी रेषेवर ठेवला तर फरक पडतो.

सुरुवात खालच्या ओठाच्या मध्यापासून करा. तिथे वाँड टेकवून रंग कोपऱ्यांकडे ओढत न्या, कोपऱ्याच्या किंचित आधी थांबा. मग वरच्या ओठाच्या मधल्या खळगीत वाँडच्या टोकाने एक छोटा इंग्रजी एक्स काढा, आणि तिथून दोन्ही बाजूंना खाली या. या सगळ्या वेळात तोंड किंचित उघडं ठेवा, 'आ' म्हणताना असतं तेवढं. आणि सवय कितीही जुनी असली तरी ओठ एकमेकांवर दाबू नका. साध्या लिपस्टिकला ते चालतं. इथे अर्धवट सुकलेले दोन थर एकमेकांना चिकटतात आणि उचकटताना दोघांचाही पृष्ठभाग फाटतो. ते ठिपके मग दिवसभर तसेच राहतात.

६० ते ९० सेकंद थांबा. आरशाजवळ जाऊन बघितलंत तर सुकण्याची वाट दिसते. कडेचा भाग आधी निस्तेज होतो आणि ओलसर चमक हळूहळू मधे सरकत जाते. शेवटचा ओला पट्टा खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला, जिथे कोरडी त्वचा संपून तोंडातला ओलावा सुरू होतो, तिथे उरतो. ही रेष नीट बघून ठेवा. पुढच्या सगळ्या अडचणी इथूनच येणार आहेत. रंग या रेषेच्या आत गेला तर तो कधीच नीट सुकत नाही, लाळेत भिजतो, गोळा होतो आणि दातांवर उमटतो. तो आतला भाग लगेच, ओला असतानाच, कापसाच्या काडीने पुसून टाका.

दुसरा थर गरज असेल तरच, आणि तोही फक्त जिथे रंग विरळ दिसतो तिथे. पहिल्याच थरात रंग पुरेसा आला नाही तर तो त्या ट्यूबचा दोष समजा. तीन थर चढवून तो झाकायला गेलं की ओठांवर कवच बसल्यासारखं होतं.

रंगाबद्दल थोडं

बाटलीतला रंग आणि ओठांवरचा रंग यात तुमच्या ओठांचा स्वतःचा रंग मिसळतो. सावळ्या किंवा कडेला गडद असलेल्या ओठांवर फिकट न्यूड, म्हणजे त्वचेच्या रंगाजवळची, शेड पुष्कळदा राखाडी, आजारल्यासारखी दिसते. त्यात पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असतं, आणि खालच्या तपकिरी रंगावर तो पांढरेपणा राखेसारखा उमटतो. अशा ओठांना न्यूड हवाच असेल तर त्वचेपेक्षा एक-दोन छटा गडद घ्या, तपकिरीत थोडा गुलाबी किंवा विटकरी झाक असलेला. वरचा आणि खालचा ओठ वेगवेगळ्या रंगाचा असणं अगदी सर्वसाधारण आहे. फरक जास्त वाटला तर गडद भागावर आधी लायनर भरून घ्या, म्हणजे खालची जमीन एकसारखी होते.

एक फोटो खिडकीच्या उजेडात काढा आणि एक रात्री घरातल्या दिव्याखाली. दोन्ही फोटोंत आवडला तर तो रंग तुमचा.

तासातासाची परीक्षा

लावल्यावर १० मिनिटांनी टिश्यू ओठांत हलकेच धरा. लॉक होणाऱ्या प्रकारात टिश्यू जवळपास कोरा निघायला हवा. मग आरशासमोर मोठ्याने हसा, जांभई द्या, शीळ घालायचा प्रयत्न करा. उभ्या रेघांत रंग फुटताना दिसला तर थर जाड झालाय किंवा ओठ पुरेसे मऊ नव्हते. पुढच्या वेळी निम्म्या मालात करून बघा.

तासाभराने पाणी किंवा चहा प्या आणि कपाच्या कडेकडे बघा. पाण्याने सिलिकॉनचा थर सहसा हलत नाही. तो हलतो तेलाने. म्हणून जेवणाची परीक्षा वेगळी. नेहमीसारखं जेवा, ओठ सांभाळत बसू नका, आणि जेवल्यावर लगेच आरसा बघा. बहुतेक वेळा बाहेरची कड शाबूत असते आणि मधे, त्या आतल्या ओल्या रेषेलगत, टक्कल पडल्यासारखी पट्टी दिसते. थोडी पट्टी जाणं हा दोष मानू नका, तेल लागल्यावर तो थर सुटणारच. बघायचं ते हे, की रंग कसा जातो. हळूहळू विरत गेला तर चांगला ग्लॉस. तुकडे सुटून दातांवर, हनुवटीवर आले तर वाईट.

दुरुस्ती करताना नवा थर थेट त्यावर चढवू नका. जेवणानंतर ओठ टिश्यूने टिपा, तेल निघू द्या, सुटलेले कण काडीने काढा आणि मग फक्त मधे पातळ हात फिरवा. पूर्ण ओठांवर पुन्हा लावायची वेळ आली तर आधीचा सगळा काढून नव्याने लावा. वेळ जातो, पण दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

चार तासांनी डोळे मिटून फक्त जाणीव तपासा. ओठ आखडल्यासारखे वाटतात का? जीभ सारखी ओठांवर जाते का? जीभ फिरवली की लाळ उडून जाताना ओठ आणखी कोरडे होतात, आणि ही साखळी तोडणं अवघड असतं. थोडा ताण चालेल. चरचर, जळजळ किंवा सूज चालणार नाही. तसं काही वाटलं तर दिवस पूर्ण करण्याचा हट्ट सोडा आणि लगेच काढून टाका.

टिकणं आणि सोसणं यांची ही ओढाताण जुनी आहे. हेझल बिशप या अमेरिकी रसायनतज्ज्ञ बाईंनी १९५० मध्ये न पुसली जाणारी लिपस्टिक बाजारात आणली, तेव्हापासून कंपन्या या दोन टोकांमध्ये वाट काढताहेत. त्यामुळे १२ तास टिकणारा आणि लोण्यासारखा मऊ, असे दोन्ही दावे एकाच ट्यूबवर असले तर त्यातला एक थोडा खोटा निघणार हे धरून चला. तुम्हाला दोहोंपैकी काय हवंय ते आधी ठरवा. मी सहा तास टिकणारा आणि न आखडणारा ग्लॉस केव्हाही घेईन.

काढताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी

पाण्याने आणि साबणाने हा निघणार नाही, घासत बसलात तर रंगाऐवजी त्वचा जाईल. कापसाच्या गोळ्यावर खोबरेल तेल किंवा तेलावर आधारित मेकअप रिमूव्हर घ्या, ओठांवर ३० सेकंद नुसता टेकवून धरा, मग एकाच दिशेने पुसा. थर सुरकुत्या पडून सुटायला लागतो. राहिलं तर पुन्हा टेकवा. बाम चोळूनही निघतो, फक्त वेळ लागतो. गडद बेरी आणि लाल शेडचा हलका डाग रात्रभर राहू शकतो, त्याच्या मागे लागू नका. कोमट पाण्याने चेहरा धुवा आणि जाडसर बाम लावून झोपा.

सकाळी उठल्यावर काहीही लावायच्या आधी खिडकीपाशी ओठ बघा. नेहमीसारखे असतील तर ग्लॉस तुमचा झाला. किंचित कोरडे असतील तर आठवड्यातून दोन-तीन दिवसच वापरायचा. पोपडे आलेले, कडेला लाल रेघ, खाज किंवा सूज असेल तर ट्यूब कितीही महाग असो, परत लावू नका. बाकी सगळंही थांबवून फक्त साधा बाम लावा, आणि चार-पाच दिवसांत बरं वाटलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, जाताना ट्यूबचं खोकं सोबत न्या. घटकांची यादी बघून त्यांचं काम सोपं होतं.

ट्यूब पास झाली तर

झाकण घट्ट लावा. द्रावण उडून गेलं की ग्लॉस घट्ट होतो, मग तो लावताना ओढला जातो आणि ढेकळं येतात. तो पातळ करायला त्यात तेल, पाणी किंवा आणखी काही घालू नका, मिश्रण फुटतं आणि पाण्यातून जंतूही जातात. वाँड आत-बाहेर जोरात करणं टाळा, त्याने हवा भरते. आयसोडोडेकेन ज्वालाग्राही आहे, त्यामुळे गॅसजवळ किंवा उन्हात तापलेल्या गाडीत ट्यूब ठेवू नये. वाँड कुणालाही उसना देऊ नका, सख्ख्या बहिणीलासुद्धा. ओठांवर फोड आलेला असताना वापरलेली ट्यूब फेकून द्या.

खोक्यावर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात ६, १२ किंवा १८ असा आकडा आणि पुढे एम हे अक्षर. उघडल्यापासून तितके महिने. पण उघडली कधी हे कुणालाच आठवत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच कागदी चिकटपट्टीचा तुकडा ट्यूबच्या बुडाला लावा आणि त्यावर तारीख लिहा. मी तारखेखाली एक ओळ आणखी लिहिते, म्हणजे पुढच्या खेपेला कशी लावायची ते शोधत बसावं लागत नाही: 'एकच थर, लायनर हवा, जेवणानंतर मधे जातो.'